धोंड्याचं जेवण आणि आपांची गाडी

नानासाहेब टरबूज घ्यायला निघाले की गाडेवाले हातातलं काम सोडून बघत बसायचे. आधी एक टरबूज उचलायचं, कानाशी धरून टिचक्या मारायच्या, देठ हुंगायचा, खाली ठेवायचं आणि दुसरं उचलायचं. असं सगळा गाडा उलथापालथा करून झाल्यावर "आत पांढरं निघालं तर?" असा प्रश्न विचारून गृहस्थ रिकाम्या हातानं घरी. "टरबूज कुठंय?" म्हणून रत्नमालावहिनींनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "भरोसा वाटला नाही."

माठ घेताना तेच, मेथीची जुडी घेताना तेच. लग्नाआधी मुलगी बघायला गेले तेव्हाही पोहे खाऊन झाल्यावर "विचार करून कळवतो" म्हणाले होते. पण सासरे तात्यासाहेब म्हणजे एक घाव दोन तुकडे करणारा माणूस. "विचार कशाचा करताय? पंगत बसलीय," असं म्हणून त्यांनी त्याच दिवशी साखरपुडा उरकून टाकला. (नानासाहेबांच्या आयुष्यातली एकच खरेदी टिचक्या न मारता झाली, आणि तीच तेवढी उत्तम निघाली. हे ते स्वतः कधी कबूल करत नाहीत.)

यात सगळा दोष त्यांचा नाही म्हणा. नोकरीच तशी. शहरातल्या एका पतसंस्थेत ते तारण विभागात. समोर ठेवलेलं सोनं खरं की खोटं, आणि ते ठेवणारा माणूस परत येणार की गायब होणार, एवढंच दिवसभर बघायचं. समोरचा आपल्याला फसवणारच, असं धरून चालायचाच त्यांना पगार होता. असा माणूस जुनी गाडी घ्यायला निघाला.

आणि निघाला तोही स्वतःहून नाही. मागच्या अधिक महिन्यात नवराबायको धोंड्याच्या जेवणाला एसटीनं गेले होते. तात्यासाहेबांचं गाव पैठणच्या अलीकडं, ढोरकीनपासून आत. फाट्यावर उतरले, तर वर भुरभुर आणि खाली चिखल. शेवटी कांद्याच्या टेम्पोत मागं बसून जावईबापू सासुरवाडीच्या दारात उतरले. धाकटे साडू बिडकीनचे. ते आधीच पांढऱ्या भल्यामोठ्या गाडीतून येऊन, पाय धुऊन, पाटावर बसले होते. नानासाहेबांचे पाय धुताना सासूबाईंना, म्हणजे आवडाबाईंना, घंगाळातलं पाणी दोनदा बदलावं लागलं. त्याच दिवशी परतीच्या एसटीत वहिनींनी जाहीर केलं, "पुढच्या धोंड्याला मी माझ्या आईच्या दारात आपल्या गाडीतून उतरणार. नसेल जमत तर तुम्ही एकटे जा कांद्यात बसून."

अधिक महिना तीन वर्षांनी येतो. नानासाहेबांनी ती तिन्ही वर्षं गाड्या बघितल्या. जळगाव रोडपासून बीड बायपासपर्यंत एक गाडी सोडली नाही. एकीचे टायर जुने होते म्हणून नको. दुसरीचे नवेकोरे होते म्हणून नको. ("विकायच्या गाडीला नवे टायर कोण टाकतं? काहीतरी लपवतोय.") एका मालकानं चहा विचारला नाही, म्हणजे माणूस बेकार. दुसऱ्यानं चहाबरोबर बिस्किटंही दिली, म्हणजे तर नक्कीच काळंबेरं.

बघता बघता मे महिना उजाडला आणि अधिक महिना दारात येऊन उभा राहिला. आवडाबाईंचा फोन आला तेव्हा नानासाहेब भाकरी खात होते.

"रत्ने, रविवारी या बरं का. फाट्यावर कुणाला धाडू का? एसटीनंच येताय नव्हं?"

"एसटीनं कशाला, आई? गाडी घेतलीय आम्ही," वहिनी म्हणाल्या.

नानासाहेबांचा घास हातातच राहिला. पलीकडून आवडाबाईंनी "अगं बाई! अहो, ऐकलं का, जावईबापूंनी गाडी घेतली!" अशी जी आरोळी दिली, ती फोन नसता तरी पैठण रोडनं ऐकू आली असती.

"हे काय बोलून बसलीस?" फोन ठेवल्यावर नानासाहेब म्हणाले.

"बोलले ते बोलले. आता माझा शब्द खाली पडला तर माहेरी तोंड दाखवायची नाही मी. चार दिवस आहेत. बघा काय करता ते."

तसं वहिनींनी आधीच बघून ठेवलं होतं. वहिनी घरी शिवणकाम करतात. शहागंजच्या मागच्या बोळीत राहणाऱ्या शकीला आपा त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. आपा उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. नोकरीची शेवटची बारा वर्षं रोज आपली छोटी गाडी घेऊन करमाडच्या शाळेत जायच्या आणि यायच्या. तीच गाडी त्यांना विकायची होती. अंगणात चादर पांघरून ठेवलेली, मोरपंखी रंगाची, अंगावर ओरखडा म्हणून नाही.

नानासाहेबांनी बॉनेटवर टिचक्या मारल्या. सीट हुंगलं. मग पालथे पडून गाडीच्या खाली बघितलं. (खाली काय बघायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं, पण बघायचं असतं एवढं ऐकून होते.) उठून गुडघे झटकत त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"आपा, इतकी चांगली गाडी विकताय कशाला?"

"गुडघे गेले माझे. क्लच दाबवत नाही."

"म्हणजे क्लच जड आहे."

"गुडघा जड है, नानासाब. क्लच ठीक है."

"अपघात वगैरे?"

"हौ, एक बार."

नानासाहेबांचे डोळे चमकले. "कुठं?"

"शाळेच्या दारात. गाडी उभी होती, एक बकरी येऊन धडकली."

"कुठल्या बाजूला लागलं?"

"बकरीच्या?" आपांनी विचारलं.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. नानासाहेब मात्र गंभीरच. तासभर शोधूनही गाडीत एक खोट सापडेना, तसा त्यांचा जीव जास्तच कासावीस व्हायला लागला. वहिनींनी बाजूला ओढून सांगितलं, "अहो, घेऊन टाका. हिच्यापेक्षा चांगली मिळायची नाही." पण 'घेऊन टाका' हे शब्द ऐकले की हा माणूस दोन पावलं मागं सरतो. ते आपांना म्हणाले, "गाडी बरी वाटतीय. पण चार मैल चालवल्याशिवाय कसं कळणार?"

आपांनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं. शाळेत उशिरा आलेल्या मुलाकडं बघावं, तसं.

"घेऊन जा. दोन दिवस चालवा, मग सांगा. मला घाई नाही. रत्ना बेटी, तुझ्याकडं बघून देतीय हां. जशी नेली तशीच आणायची."

"जशीच्या तशी, आपा. माझा शब्द," वहिनी म्हणाल्या.

येताना आणलेली स्कूटर आपांच्या अंगणात ठेवून दोघं गाडीत बसली. वाटेत नानासाहेबांनी आपला बेत सांगितला. रविवारी हीच गाडी घेऊन धोंड्याला जायचं. भर उन्हात, एसी लावून, पैठण रोडला. टिकली तर घ्यायची, नाही टिकली तर सोमवारी परत.

"आणि आईला काय सांगू?"

"आपलीच म्हणून सांग. दोन दिवस तर आपलीच आहे की." या एका वाक्यानं पुढं काय काय घडवलं, ते ऐका आता.

नानासाहेबांचं लायसन्स बरंच जुनं होतं. हात मात्र कोरा होता. रविवारी सकाळी नवा शर्ट घालून, कान टवकारून ते निघाले. महानुभाव आश्रमाचा चौक ओलांडला आणि त्यांनी गाडी कडेला घेऊन आपांना फोन लावला.

"आपा, डॅशबोर्डच्या आतून टक टक टक टक असा आवाज येतोय. काहीतरी सैल झालंय."

"इंडिकेटर बंद करा," आपा म्हणाल्या.

आवाज बंद झाला. नानासाहेब थोडे हिरमुसले. कांचनवाडी मागं पडली आणि त्यांचं नाक फुलायला लागलं. पुन्हा गाडी कडेला.

"आपा, जळका वास येतोय. आणि गाडीला ओढच नाही. इंजिन गेलंय बहुतेक."

"हँडब्रेक खाली है क्या?"

नानासाहेबांनी हळूच हँडब्रेक खाली केला. वहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

चितेगावला तिसरा फोन. "आपा, एसी काही गार करत नाही. गॅस संपलेला दिसतो."

"सगळ्या काचा बंद आहेत का?"

मागच्या दाराची काच सताड उघडी होती. ती नानासाहेबांनीच ठेवली होती, इंजिनाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. ती वर केली आणि बिडकीन येईपर्यंत गाडीत असा गारवा पसरला, की वहिनींनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याकडं कौतुकानं बघितलं. माणूस खुलला. पुढचा रस्ता त्यांनी एका हातानं गाडी चालवली. (म्हणजे चालवायचा प्रयत्न केला. एका म्हशीनं त्यांना पुन्हा दोन्ही हातांवर आणलं.)

तात्यासाहेबांच्या दारात काय स्वागत झालं म्हणता! आवडाबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. आधी गाडीला ओवाळलं, मग जावयाला. पाय धुतले, तर घंगाळातलं पाणी नितळच्या नितळ. ते बघून वहिनींचा ऊर भरून आला. शेजारपाजारच्या बाया गाडीला हात लावून बघायला लागल्या आणि वहिनी सगळ्यांना "यांनीच घेतली, फार पारखून" म्हणून सांगायला लागल्या.

तात्यासाहेबांनी धोतराचा सोगा हातात धरून गाडीला एक फेरी मारली. "लई भारी काम केलं, जावईबापू! किती दिस लागले हुडकायला?"

"तीन वर्षं," नानासाहेब म्हणाले. (त्या दिवशी ते बोलले त्यातलं हे एक तेवढं खरं.)

"असं माणूस पायजे! नायतर आमचं धाकटं जावई. शोरूममधी गेलं अन् घेऊन आलं. डोकं लावायचं काम नाय."

नानासाहेब ढगात गेले. त्यात आणखी एक गोम होती. यंदा तात्यासाहेब धोंड्याला जावयाला सोन्याची अंगठी करणार, अशी कुणकुण आवडाबाईंनी आधीच फोनवर दिली होती. मागच्या खेपेला ती साडूंना मिळाली होती. नानासाहेबांनी सकाळीच उजव्या हाताचं बोट साबण लावून दोनदा धुतलं होतं.

पाटाभोवती रांगोळी, पुढ्यात केळीचं पान, पानावर पुरणाचे धोंडे आणि धोंड्यांवर तुपाची धार. नको म्हणायची सोय नाही, कारण अधिक महिन्यातला जावई म्हणजे देव, आणि देव कधी नको म्हणत नाही. "माझ्यासाठी एक" आवडाबाईंचा, "माझ्यासाठी एक" तात्यासाहेबांचा, "गाडीसाठी एक" पुन्हा तात्यासाहेबांचा. हात धुवायला उठताना नानासाहेबांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. तिथून ते थेट कूलरसमोरच्या खाटेवर आडवे झाले.

डोळे मिटताहेत तोवर तात्यासाहेब उशाशी आले. "जावईबापू, किल्ली कुठंय? गाडीला काय हवं नको बघतो जरा."

"घ्या की, तात्या. तुमचीच समजा," नानासाहेब पुटपुटले आणि घोरायला लागले.

वहिनी आणि आवडाबाई वाण द्यायला शेजारच्या आळीत गेल्या होत्या. म्हणजे 'थांबा' म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं. आणि तात्यासाहेबांना एखादी गोष्ट 'तुमचीच समजा' म्हटलं, की ते ती खरंच आपली समजतात, हे नानासाहेबांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. झोपेत मधेच त्यांना घर्र घर्र असा लांबून आवाज आला. 'कूलरचं बेअरिंग गेलं वाटतं,' असा शेरा मारून त्यांनी कूस बदलली.

ऊन कलल्यावर त्यांना जाग आली ती तात्यासाहेबांच्या हाकेनं. "आवडे, वाण आण! जावईबापू, बाहेर या!"

आवडाबाईंनी तांब्याचं ताट आणलं. त्यात तेहतीस अनारसे आणि मधोमध दिवा. नानासाहेबांनी ताटात नजर फिरवली. अंगठी नव्हती. अनारशांच्या खाली असेल म्हणून त्यांनी ताट हळूच हलवून बघितलं. तिथंही नव्हती.

"अंगठी सोनाराकडं तयारच होती," तात्यासाहेब म्हणाले, "पण म्हणलं, बोटात अंगठी घालून माणूस जाणार कुठं? पतसंस्थेत. कोण बघतंय? त्यापरीस औंदा गाडीलाच केलं सगळं. सोनाराला म्हणलं, राहू दे तुझ्यापाशी, बघू पुढं. चला, दाखवतो."

नानासाहेब बाहेर आले आणि उंबऱ्यातच थबकले.

मोरपंखी गाडीच्या डोक्यावर हे भलंमोठं लोखंडी कॅरिअर बसलं होतं. आतल्या सीटवर लालभडक मखमल चढली होती आणि तिला सोनेरी झालर होती. बॉनेटवर तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक. मागच्या काचेवर पिवळ्या रेडियमच्या अक्षरांत, वाड्यावरच्या पाटीसारखं ठसठशीत, 'तात्यासाहेबांची कृपा' आणि खाली नातीचं नाव, 'सायली'. (सायली पुण्याला कॉलेजात. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.)

"कॅरिअर... बसवलं कसं?" नानासाहेबांनी विचारलं.

"बोल्टानं. ढोरकीनच्या गॅरेजवाल्याकडनं पत्र्याला आरपार भोकं पाडून पक्कं केलंय. हलायचं नाय, दहा वर्षं."

"भोकं पाडली?"

"मंग काय डिंकानं चिकटवायचं व्हय? दोन पोती गहू न्यायचाय तुम्हास्नी!"

तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी कॅरिअर बघितलं, काच वाचली आणि वडिलांकडं बघून हसल्या. ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर जे बसलं, ते निघेपर्यंत तसंच होतं. काय बोलणार? गाडी आपली नाही म्हणावं तर आईला दिलेला शब्द जातो, आणि गप्प बसावं तर आपांना दिलेला. तात्यासाहेबांनी स्वतः उभं राहून वर गव्हाची पोती चढवली, मागं कैऱ्या आणि लोणच्याची बरणी ठेवली. "अजून एक गंमत केलीय," ते डोळा बारीक करून म्हणाले, "ती कळंल तुम्हास्नी आपोआप." त्या दोघांना गंमत ऐकायची ताकदच उरली नव्हती.

परतीच्या वाटेवर गाडी बिचारी दोन पोती डोक्यावर घेऊन मुकाट्यानं पळत होती. डॅशबोर्डवर पेट्रोलचा दिवा लागला, तेव्हा वहिनींनी नुसतं बोट दाखवलं. "जुन्या गाडीचे दिवे असेच लागतात, त्यांच्यावर भरोसा नाही ठेवायचा," नानासाहेब म्हणाले. बिडकीनच्या अलीकडं गाडी आचके देत थांबली. दिवा खरं बोलत होता.

तिथं वहिनी बोलल्या. "तुम्हाला टरबुजाचा भरोसा नाही, माठाचा नाही, गाडीचा नाही, गाडीतल्या दिव्याचा नाही. पण तुमचा भरोसा कुणी धरायचा हो? घेऊन टाका म्हणत होते ना मी? आईला शब्द दिला, तो खोटा. आपांना शब्द दिला, तोही खोटा. इतकी वर्षं आपा माझ्याकडं डोळे झाकून कापड देतात. उद्या त्यांच्या दारात कुठल्या तोंडानं उभी राहू मी?" आणि त्या रडायलाच लागल्या.

खरं सांगायचं तर नानासाहेबांना फार वाईट वाटलं. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"मग आत्ता आपांना फोन करा. सगळं सांगा."

"उद्या समोरासमोर सांगतो ना. फोनवर बरं दिसत नाही," असं म्हणून ते बाटली घेऊन पेट्रोल आणायला चालत निघाले. सकाळपासून टकटक झाली तरी फोन लावणारा माणूस आता फोनला हात लावायला तयार नव्हता.

सोमवारी सकाळी पोती उतरवून, स्वस्तिक पुसून दोघं निघाली. (स्वस्तिक पुसलं म्हणजे काय, सगळं बॉनेट केशरी झालं.) नानासाहेबांनी रात्रभर विचार करून डाव रचला होता. आपा बाहेर यायच्या आत गाडी मागं घेत घेत अंगणात शिरवायची, मागची काच पार भिंतीला टेकवायची आणि दारातूनच सांगायचं, "गाडी पसंत आहे, आजच घेतो." एकदा घेतली की भोकं आपली, झालर आपली आणि तात्यासाहेब तर आपलेच.

बोळीत सगळं सामसूम होतं. नानासाहेबांनी श्वास रोखून रिव्हर्स गिअर टाकला.

आणि तात्यासाहेबांची उरलेली गंमत वाजायला लागली. गाडीच्या बुडाखालून, लग्नाच्या बँडला लाजवेल अशा आवाजात, कुठल्याशा आरतीची चाल पिपाणीवर सुरू झाली. गाडी इंचभर मागं गेली की कडवं पुढं सरकायचं. नानासाहेब घाबरून पुढं गेले, बंद झाली. मागं आले, पुन्हा पहिल्यापासून सुरू. बोळीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. कुणी टाळ्याही वाजवल्या. आपा चष्मा पुसत दारात आल्या आणि गाडीचं तोंड, डोकं आणि पाठ, सगळं एकदमच त्यांच्या पुढ्यात आलं.

त्यांनी सावकाश एक फेरी मारली. कॅरिअरचे बोल्ट बघितले. आत वाकून झालर हातात धरली. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नानासाब, मी गाडी चालवून बघायला दिली होती. तुम्ही तर हिचं लग्नच लावून आणलं."

"आपा, मी घेतो गाडी. आत्ताच्या आत्ता. तुम्ही म्हणाल तशी."

"तुम्ही घ्याल. पण मी देत नाही."

"का?"

"दो दिन तुम्ही गाडी भरोशाची आहे का, ते बघत होता. मी घेणारा भरोशाचा आहे का, ते बघत होते. तुमचे तीन फोन आले. तिन्ही वेळा गाडी ठीक होती. आणि ज्या वेळी खरंच काही झालं, त्या वेळचा फोन मला आलाच नाही."

पतसंस्थेत लोकांना घाम फोडणारे नानासाहेब खाली मान घालून उभे राहिले. वहिनी पुढं झाल्या. "आपा, शब्द माझा होता," असं म्हणून त्यांनी कांद्याच्या टेम्पोपासून सगळं सांगितलं. आईला मारलेली थाप, तात्यासाहेबांची माया, वाणाचं ताट, काही लपवलं नाही. सांगता सांगता त्यांचा आवाज फुटला. "भोकं बुजवून देते, रंग मारून देते. पण तुम्ही माझ्यावर रागावू नका."

आपा पुन्हा काचेकडं वळल्या. "ये तात्यासाहब कौन?"

"माझे वडील."

"आणि सायली?"

"मुलगी."

"वाह! बारा साल मैंने चलाई, और मेरा नाम कहीं नहीं!" असं म्हणत आपा हसायला लागल्या, त्या चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसतच राहिल्या. मग वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "गाडी तुला देते. कागदावर नाव तुझं, चालवायची पण तूच. मी शिकवते. गुडघे गेलेत माझे, तोंड शाबूत आहे."

"आणि मी?" नानासाहेबांनी विचारलं.

"तुम्ही बसा बाजूला. काही आवाज आला तर मला नका सांगू, रत्नाला सांगा."

आमखास मैदानावर आपांनी शिकवणी घेतली आणि वहिनी अशा काही शिकल्या की दिवाळीला पैठण रोडनं गाडी घेऊन त्याच माहेरी गेल्या. गाडी तात्यासाहेबांच्या दारात थांबली. ड्रायव्हरच्या बाजूनं लेक उतरतेय हे बघून तात्यासाहेब आधी गोंधळले, मग त्यांचे डोळे भरून आले. वहिनींनी त्यांना सगळं खरं सांगून टाकलं. तात्यासाहेबांनी जावयाकडं एकदा बघून घेतलं. मग मळलेल्या चपलांनिशी तसेच सोनाराकडं गेले आणि अंगठी सोडवून घेऊन आले.

नानासाहेबांनी हात पुढं केला. तात्यासाहेबांनी तो बाजूला सारला आणि अंगठी लेकीच्या तळहातावर ठेवली. वहिनींनी ती नवऱ्याकडं दिली, "अहो, जरा बघून सांगा. खरी आहे ना?" नानासाहेबांनी ती उजेडात धरली, घासली, हातात तोलली. गेल्या वीस वर्षांत इतकं चोख सोनं त्यांनी क्वचितच बघितलं होतं. "एकदम भरोशाची," असं म्हणून त्यांनी ती परत दिली.

अंगठी नानासाहेबांच्या बोटाच्या मापाची होती, त्यामुळं वहिनींच्या कुठल्याच बोटात ती ठरेना. शेवटी त्यांनी ती डाव्या हाताच्या अंगठ्यात घातली. गिअर डाव्याच हातानं टाकायचा असतो. त्यामुळं आता पैठण रोडला गाडी लागली, की लोणच्याची बरणी मांडीवर धरून शेजारी बसलेल्या नानासाहेबांना ती अंगठी दर गिअरला बघावी लागते.

परवा आपांना फोन करून त्यांनी हळूच विचारलं, गिअर न टाकता ही गाडी कुठपर्यंत जाऊ शकते.